ट्रक कोणत्या रस्त्याने, किती वाजता? आवाजाचे गणित



दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस म्हणजे फेब्रुवारी आणि मार्च. आपल्या मराठवाड्यात याच सुमारास मोंढ्यात नव्या तुरीची आवक चालू असते आणि उसाच्या गाड्या कारखान्यांकडे जात असतात. अहमदपूर हे लातूर आणि नांदेड या दोन मोठ्या बाजारपेठांच्या वाटेवरचे गाव. तुळजापूर, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ म्हणून ओळखला जातो. म्हणजे अभ्यासाचा ऐन काळ आणि मालवाहतुकीच्या गर्दीचा काळ आपल्याकडे एकदमच येतात.

पूर्वी मी ज्या वर्गात शिकवीत असे, त्याच्या खिडक्या रस्त्याकडे होत्या. भरलेला ट्रक चढावर गिअर बदलू लागला, की मी खडू हातात धरून गप्प उभा राहत असे. ट्रक गेला की पुन्हा सुरुवात. मी किती वेळा थांबलो, हे एका विद्यार्थ्याने वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढून मोजले होते. तास संपल्यावर ते पान पाहून मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. भौतिकशास्त्र शिकविणारा मी. पण मोजण्याचे काम त्याने केले होते!

गावाच्या वेशीवर ‘अवजड वाहनांस प्रवेश बंद’ असा फलक तुम्ही कोठे ना कोठे पाहिला असेल. खाली वेळाही लिहिलेल्या असतात. अशा नियमाने आवाज खरोखर कमी होतो काय? नियम आवाज नाहीसा करीत नाही. तो आवाजाला दुसऱ्या रस्त्यावर किंवा दुसऱ्या वेळेवर नेऊन ठेवतो. मग कोणता नियम उपयोगाचा आणि कोणता नुसता दिखाव्याचा, हे कसे ठरवावे? त्यासाठी थोडे गणित करू या. लॉगरिथम येत असेल तर उत्तमच. नसेल तर गुणाकार-भागाकारावर भागेल.

डेसिबेल म्हणजे काय?

आवाजाबरोबर ऊर्जा वाहत असते. एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला किती ऊर्जा जाते, ती त्या आवाजाची तीव्रता. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज एका वॅटच्या दशलक्षांशाचाही दशलक्षांश इतका सूक्ष्म असतो. कान दुखविणाऱ्या आवाजाची तीव्रता याच्या लक्षकोटी पट असू शकते. एवढ्या मोठ्या संख्या वापरणे गैरसोयीचे, म्हणून डेसिबेल ही मोजपट्टी काढली. तिचा नियम असा:

तीव्रता १० पट झाली, की १० डेसिबेल वाढतात.
तीव्रता १०० पट झाली, की २० डेसिबेल वाढतात.
तीव्रता १००० पट झाली, की ३० डेसिबेल वाढतात.
तीव्रता दुप्पट झाली, की सुमारे ३ डेसिबेल वाढतात.

आपला कान सर्व कंप्रतांचे आवाज सारख्याच सहजतेने ऐकत नाही; फार खालचे सूर त्याला कमी ऐकू येतात. म्हणून मोजणी करणाऱ्या उपकरणात कानाच्या या स्वभावाप्रमाणे फेरफार केलेला असतो. रस्त्यावरच्या आवाजाचे आकडे अशा फेरफार केलेल्या डेसिबेलमध्येच देतात.

आता एक प्रश्न. एका रस्त्यावरून तासाला १०० ट्रक जातात. नियम करून ते ५० केले. आवाज निम्मा झाला काय? तीव्रता निम्मी झाली, हे खरे; पण मोजपट्टीवर फक्त ३ डेसिबेल उतरले. ३ डेसिबेलचा फरक कानाला जेमतेम कळतो. ‘आवाज निम्मा झाला’ असे माणसाला वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेल उतरावे लागतात. म्हणजे १०० पैकी ९० ट्रक थांबवावे लागतील! ‘ट्रक निम्मे केले, तरी लोकांची तक्रार कायम’ असे का घडते, ते यावरून कळेल. तक्रार करणारे लोक खोटे बोलत नसतात.

कायद्यातील मर्यादा

भारतात ‘ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम’ २००० साली लागू झाले. त्यांत दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. मर्यादा अशा आहेत:

औद्योगिक क्षेत्र: दिवसा ७५, रात्री ७० डेसिबेल
व्यापारी क्षेत्र: दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबेल
निवासी क्षेत्र: दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबेल
शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४० डेसिबेल

रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तशी अधिसूचना काढलेली असावी लागते. तेव्हा ‘शाळा आहे म्हणजे शांतता क्षेत्र आहेच’ असे गृहीत धरू नका. अधिसूचना आहे का, ते विचारा.

या मर्यादा एखाद्या क्षणाच्या आवाजाच्या नाहीत. ठरावीक काळात पोहोचलेल्या एकूण ऊर्जेची ती सरासरी आहे. सरासरी म्हटली की आपल्याला वाटते, एखादा मोठा आवाज तीत बुडून जाईल. खरोखर तसे होते काय? करून पाहू.

एका हॉर्नचे गणित

रात्रीची वेळ आहे. गल्ली शांत आहे. आवाज ४० डेसिबेल. एक ट्रक येतो आणि तुमच्या खिडकीशी ९० डेसिबेल भरेल असा हॉर्न ३.६ सेकंद वाजवून निघून जातो. पुढचा-मागचा सारा तास शांत. त्या तासाची सरासरी किती?

एका तासात ३६०० सेकंद. हॉर्न त्यांपैकी ३.६ सेकंद, म्हणजे एक हजारांश वेळ वाजला. हजार पट कमी म्हणजे ३० डेसिबेल कमी. ९० मधून ३० गेले, उरले ६०. म्हणजे चार सेकंदांहूनही कमी काळाच्या एका हॉर्नने सबंध तासाची सरासरी ४० वरून ६० डेसिबेलवर नेली.

आता तीच ऊर्जा रात्रीच्या आठ तासांवर पसरू. आठ पट म्हणजे तीन वेळा दुप्पट. ३ अधिक ३ अधिक ३ असे ९ डेसिबेल आणखी कमी. उरले ५१. निवासी क्षेत्राची रात्रीची मर्यादा ४५ आहे. रात्रभर दुसरा एकही आवाज झाला नाही, तरी त्या एका हॉर्नने मर्यादा ओलांडली!

आवाजाच्या हिशेबात शांत मिनिटे फारशी भरपाई करीत नाहीत, हा यातला धडा. झोपेचेही तसेच आहे. दचकून जागे झालेल्या मुलाला नंतरची शांतता ती मोडलेली झोप परत देत नाही.

रस्ता दूर नेला तर?

मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या एकट्या ट्रकचा आवाज गोलाकार पसरतो. अंतर दुप्पट झाले, की गोलाचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून तीव्रता चौथाई होते आणि ६ डेसिबेल उतरतात. १५० किलोवॅट किंवा अधिक शक्तीच्या इंजिनाच्या जड मालवाहू ट्रकला, नवा असताना, वेग वाढवीत जाताना ७.५ मीटरवर ८० डेसिबेलपर्यंत आवाजाची मुभा आहे. त्यावरून हे कोष्टक पाहा:

७.५ मीटरवर ८० डेसिबेल
१५ मीटरवर ७४ डेसिबेल
३० मीटरवर ६८ डेसिबेल
६० मीटरवर ६२ डेसिबेल
१२० मीटरवर ५६ डेसिबेल

ट्रकांची अखंड रांग लागली, की गणित बदलते. तेव्हा आवाज नळकांड्याच्या आकारात पसरतो आणि अंतर दुप्पट केल्यावर फक्त ३ डेसिबेल उतरतात. तरीही रस्ता खिडकीपासून १५ मीटरवरून ९६० मीटरवर नेला, तर अंतर सहा वेळा दुप्पट झाले. म्हणजे निदान १८ डेसिबेल उतरले. एवढाच उतार ट्रकांची संख्या कमी करून मिळवायचा, तर सुमारे साठ ट्रकांमागे एकच ठेवावा लागेल. गावाबाहेरून बायपास काढण्यामागचे बळ हेच आहे. मात्र बायपासच्या कडेला पुन्हा घरे, दुकाने आणि शाळा बांधल्या, तर ते ९६० मीटर आपणच पुसून टाकतो.

रात्री आणखी एक गंमत घडते. हवेत ध्वनीचा वेग तपमानाबरोबर वाढतो. १० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. दिवसा जमीन तापलेली असते, म्हणून जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड. तरंगाचा खालचा भाग वेगाने धावतो आणि तरंग वर वळतो. दूरचा आवाज डोक्यावरून निघून जातो. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री याच्या उलट असते. जमीन लवकर थंड होते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते आणि तरंग खाली वळतो. पहाटे शेतात राखणीला गेलेल्या माणसाला लांबच्या रस्त्याची घरघर अगदी जवळ ऐकू येते, ती यामुळे. दिवसा पुरेसे वाटणारे अंतर रात्री अपुरे पडते.

झाडांची एक रांग लावली की आवाज अडतो, असा समज आहे. झाडे अवश्य लावा. पण आवाजासाठी एका रांगेचा उपयोग नसल्यासारखाच. खिडकीतून ट्रक दिसू न देणारी भरीव भिंत बरी. तिच्यावरूनही इंजिनाची खालच्या सुरातली घरघर वळून येतेच, कारण १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. हॉर्नचा चढा सूर त्या मानाने अधिक अडतो.

वेळ बदलली तर?

हा उपाय फार जुना आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, ज्यूलियस सीझरच्या काळात, रोम शहरात सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत बहुतेक चाकाच्या गाड्यांना बंदी करण्यात आली. दिवसा रस्ते मोकळे झाले. गाड्या रात्री दगडी रस्त्यांवरून खडखडू लागल्या. सुमारे दीडशे वर्षांनी जुवेनाल या रोमन कवीने तक्रार केली, की या शहरात झोप मिळते ती श्रीमंतांनाच!

आपल्या मर्यादांवरून हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा १० डेसिबेल कमी, म्हणजे तीव्रता एकदशांश. शिवाय दिवस १६ तासांचा आणि रात्र ८ तासांची, म्हणजे काळही निम्मा. म्हणून रात्रभरात मिळून जेवढ्या ध्वनिऊर्जेला मुभा आहे, ती दिवसाच्या एकविसांश. दिवसाच्या वीस ट्रकांचा वाटा रात्री एकच ट्रक खाऊन टाकतो.

मग दिवसा येऊ द्यावेत काय? शाळा सुटण्याच्या वेळी सायकलवरची मुले आणि बारा चाकांचा ट्रक एका अरुंद रस्त्यावर आले, तर काय होऊ शकते, ते सांगायला नको. नियम करणाऱ्यापुढचा पेच खरा आहे. दिवसाची बंदी मुलांचा जीव जपते आणि रात्रीची झोप घालविते. निव्वळ वेळ बदलून हा पेच सुटत नाही. लंडनमध्ये १९८५ च्या आदेशाने जड ट्रकांवर रात्री आणि आठवड्याच्या अखेरीस बंधने आली, पण तेथेही सरसकट बंदी नाही. परवाना घ्यायचा आणि मुख्य रस्त्यांवरून जाऊन वस्तीच्या रस्त्यांवर कमीत कमी अंतर चालवायचे, अशी रीत आहे. वेळ आणि मार्ग यांची तेथे सांगड घातली आहे.

मोंढ्यातला खणखणाट

ट्रक थांबला म्हणजे आवाज थांबला असे नाही. साखळ्या सुटतात, लोखंडी फाळका धाडकन खाली पडतो, उभ्या ट्रकचे इंजिन उगाच चालू राहते, कोणी लांबून हाका मारतो. नेदरलँड्समध्ये १९९० नंतरच्या दशकात या चढउताराच्या आवाजालाच मर्यादा घातल्या. ७.५ मीटरवर मोजून संध्याकाळी ७ ते रात्री ११ पर्यंत ६५ आणि त्यानंतर सकाळी ७ पर्यंत ६० डेसिबेल. ‘रात्री माल उतरवू नका’ असे न म्हणता ‘उतरवा, पण एवढ्या आवाजात’ असे सांगितल्यामुळे कारखानदार रबरी पट्ट्या, मऊ चाकांच्या हातगाड्या आणि कमी आवाजाची यंत्रे बनवू लागले.

याचे तत्त्व घरी पाहता येईल. स्टीलची थाळी एका काठाला दोऱ्याने टांगा आणि चमच्याने हळूच वाजवा. ती बराच वेळ घणघणते. आता तिच्या पाठीला जुन्या सायकल ट्यूबची एक पट्टी घट्ट चिकटवा आणि तेवढ्याच जोराने पुन्हा वाजवा. आवाज बसका होतो आणि लगेच विरतो. थाळीच्या कंपनांची ऊर्जा रबरात उष्णतेच्या रूपाने जिरते. फाळका जेथे आपटतो, तेथे टायरचा तुकडा बसविण्यास काय खर्च येईल, त्याचा विचार करा. यात हमालाची मजुरी बुडत नाही आणि आडत्याचा मालही खोळंबत नाही.

दहा हॉर्न आणि एक शहाणा

एका चौकात दहा हॉर्न सारख्याच जोराने वाजत आहेत. प्रत्येकाचा आवाज तुमच्यापाशी ८५ डेसिबेल, म्हणून दहांचा मिळून ९५. एका चालकाने शहाणपणाने हॉर्न थांबविला. आता किती? उत्तर साडेचौऱ्याण्णव. अर्धा डेसिबेल कोणाच्याही कानाला कळत नाही. त्या शहाण्यालाही वाटते, माझ्या एकट्याच्या थांबण्याने काय झाले? येथे उपदेश पुरत नाही, सर्वांना सारखा लागू होणारा नियम लागतो.

जानेवारी २०२० मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी असाच एक प्रयोग लोकांपुढे ठेवला. काही चौकांतील सिग्नलांना आवाजमापक जोडले. आवाज ८५ डेसिबेलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. हॉर्न वाजवाल तर थांबाल! त्याआधी २०१५ साली राज्यात वाहनांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई झाली होती.

कायद्यातही तरतुदी आहेत. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे शांतता क्षेत्रात कधीही आणि निवासी क्षेत्रात रात्री, आणीबाणीचा प्रसंग सोडून, हॉर्न वाजविण्यास बंदी आहे. निरनिराळ्या सुरांत वाजणारे आणि कर्कश हॉर्न मोटार वाहन नियमांनी वर्ज्य केले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजविण्यास पहिल्या वेळी १००० आणि पुढे २००० रुपये दंड आहे.

नियम कोण करतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ११५ प्रमाणे राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, लोकांची सुरक्षितता किंवा सोय पाहून, एखाद्या रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी अथवा मर्यादा घालू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर फलक लागतात. बंदी एक महिन्याहून अधिक नसेल, तर राजपत्राची गरज नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे केवळ परीक्षेच्या काळापुरता एखादा मार्ग बदलणे कायद्याने शक्य आहे. आवाजाची पातळी मर्यादेहून १० डेसिबेल किंवा अधिक वर गेली, अथवा रात्रीचे निर्बंध मोडले गेले, तर ध्वनी नियमांखाली कोणीही नागरिक अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षक आणि त्यावरील दर्जाचे अधिकारी यांना असा अधिकार देता येतो.

पण नुसते ‘फार आवाज होतो’ असे लिहिलेला अर्ज आणि मोजलेल्या आकड्यांचा अर्ज यांत फरक आहे. तो आकडा तुम्ही देऊ शकता.

करून पाहा

(१) वाहनांची नोंद. तिघांचा गट करा. शाळेच्या आवारात, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहा. दहा-दहा मिनिटे मोजा: एकाने अवजड वाहने, दुसऱ्याने हॉर्न, तिसऱ्याने मोबाईलमधील आवाज मोजणाऱ्या ॲपवरील आकडे लिहावेत. मोबाईल हे प्रमाणित उपकरण नाही. म्हणून सर्व दिवस एकच मोबाईल, एकच जागा ठेवा आणि आकड्यांमधील फरकाकडे लक्ष द्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे आठवडाभर करा.

(२) शेवटचा बाक. शिक्षकांनी वीस अनोळखी शब्द नेहमीच्या आवाजात वाचावेत. पहिल्या आणि शेवटच्या बाकावरील मुलांनी लिहून घ्यावेत. एकदा शांत वेळी, एकदा वाहतुकीच्या वेळी. किती शब्द चुकले, ते मोजा. वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबेलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचविले आहे. रस्त्याच्या आवाजाचा पहिला फटका शेवटच्या बाकाला बसतो. कारण तेथे पोहोचेपर्यंत शिक्षकांचा आवाजच उतरलेला असतो.

(३) एक पानाचा अहवाल. नोंदी, एक आलेख आणि एकच सूचना. हा अहवाल मुख्याध्यापकांमार्फत नगरपरिषदेकडे व पोलीस ठाण्याकडे द्या. सूचना लिहिण्यापूर्वी एका ट्रकचालकाला आणि एका हमालालाही विचारा. त्यांची अडचण आपल्याला ठाऊक नसते.

स्वाध्याय

१. एका रस्त्यावर तासाला ८० ट्रक जात होते. बायपासमुळे २० उरले. आवाज किती डेसिबेलने उतरेल?
२. खिडकीशी ८० डेसिबेल भरणारा फाळक्यांचा खणखणाट एका तासात एकूण ३६ सेकंद झाला. इतर वेळ शांत धरून तासाची सरासरी काढा.
३. मुंबईच्या प्रयोगात हॉर्न न वाजविणाऱ्यालाही थांबावे लागते. हे न्याय्य आहे काय? दहा हॉर्नच्या उदाहरणाच्या आधारे वर्गात चर्चा करा.

उत्तरे: (१) चौथाई ट्रक उरले, म्हणून ६ डेसिबेल. (२) एकशतांश वेळ, म्हणून ८० वजा २०, म्हणजे ६० डेसिबेल. तिसऱ्याचे उत्तर तुमच्या वर्गात ठरेल.